पटावर दहा

माय वारली आणि ॲश्लिनकडे दिवसभर बघायला घरात कुणी उरलं नाही.

माय म्हणजे सेवरीनाची सासू. मे संपता संपता, फणसाचे गरे काढत बसलेली असताना तिच्या छातीत कळ आली, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं. लुईस गोव्याहून आला, दफन केलं, चर्चमध्ये सातव्या दिवसाची मीस झाली आणि पुन्हा गेला. तो कलंगुटला एका हॉटेलात कूक होता. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा, तेही मालकाची मर्जी असली तर. मागे राहिल्या सेवरीना आणि नऊ वर्षांची ॲश्लिन.

ॲश्लिन चालायची, पळायची, तिला ऐकूही सगळं यायचं. बोलत मात्र नव्हती. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून स्वतःचं मनगट चावायची. उजव्या मनगटावर त्या चावण्याचा घट्टाच पडला होता. आणि हात सुटला की सरळ पाण्याकडे. व्हाळ असो, विहीर असो, खाडी असो, तिला पाणी बरोबर सापडायचं. माय दिवसभर आपल्या लुगड्याचा पदर तिच्या मुठीत देऊन बसायची. पदर धरला की पोर शांत. आता पदरही नव्हता आणि बसणारीही नव्हती.

सेवरीना काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची. पायानं खटका दाबायचा, हातानं दांडा खाली ओढायचा, की बी दुभंगते आणि टरफलातलं तेल चिळकांडी मारतं. एरंडेल कितीही फासा, बोटांची कातडी काळी पडून सोलवटायचीच. महिनाभर तिनं ॲश्लिनला बरोबर नेलं. शेजारी गोणपाट टाकून बसवलं, आपल्या गाऊनचं टोक तिच्या हातात दिलं. एके दिवशी सेवरीनाची पाठ वळली तेवढ्यात पोरीनं मूठभर टरफलं तोंडात घातली. ओठ सुजून बाहेर आले, हनुवटीपर्यंत फोड उठले. बायकांनी खोबरेल लावलं, कुणी थंड पाणी मारलं. ॲश्लिन किंचाळत राहिली आणि ओळीतली सगळी मशीनं थांबली.

देखरेखीला आनंदी नावाची बाई होती. वाडीतलीच, सेवरीनाबरोबर शाळेत होती. सुटताना ती दाराशी आली.

"सेवरीना, फाल्यांपासून तिका हाडू नको गो."

"मगे खंय ठेवू?"

"ता माका कशाक इचारतंस? मालकान बघितल्यान तर तुका नाय, माकाच पयला घालवतलो."

तिचंही खरंच होतं. त्याच संध्याकाळी शाळेचे सामंत गुरुजी घरापुढच्या खळ्यात येऊन उभे राहिले.

दोन वर्षांत गुरुजींनी या खळ्यात पाऊल टाकलं नव्हतं. पहिलीत ॲश्लिन चार महिने शाळेत गेली होती. चौथ्या महिन्यात त्यांनी सेवरीनाला बोलावून घेतलं आणि अगदी शुद्ध मराठीत सांगितलं होतं, "हिच्यामुळे बाकीच्या मुलांचं नुकसान होतंय. नाव पटावर राहील, त्याची काळजी करू नका. घरी येऊन शिकवणाऱ्या बाई असतात, त्या येतील." तेव्हापासून पोर घरी. आज मात्र गुरुजींच्या बगलेत प्लास्टिकची पिशवी होती आणि तोंडात मालवणी.

"काय गो सेवरीना, बरी मां? म्हातारी गेली, माका येवक जमला नाय. चेडवाक गणवेस हाडलंय बघ."

सेवरीनानं पिशवी घेतली नाही.

"फाल्यां साहेब येतले. पट मोजूक," गुरुजी म्हणाले. "पयली ते पाचवी धरून दहा पोरां आसत. दहावां तुझा. एक कमी दिसला तर शाळा बंद, आणि सगळी पोरां सड्यारच्या शाळेत. चार किलोमीटर. मदी व्हाळ. तू तेवढा फाल्यां सकाळी हाडून बसय."

सुजल्या ओठांची ॲश्लिन खांबाला पाठ लावून डोलत होती. सेवरीनानं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "फाल्यां येतला. पण परवा पण येतला गुरुजी. आणि तेरवा पण. रोज."

"रोज..."

"सरकारचो कागद आसा आमच्याकडे. डॉक्टरान अपंगाचे टक्के लिवन दिल्यानी. तिच्या वांगडा बसूक एक बाई होयी. ती तुम्ही हाडा."

"बघूया."

"बघूया नको. होय म्हणा."

गुरुजींनी पिशवी दुसऱ्या बगलेत घेतली. "होय," ते म्हणाले. "होय गो बाये." तेव्हा सेवरीनानं पिशवी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच सेवरीना पोरीला घेऊन वर्गात बसली. गणवेश दोन मापं मोठा होता. मानेला टोचणारं लेबल ॲश्लिन ओरबाडत होती, ते सेवरीनानं दातांनी तोडून काढलं. साहेब तरुण होते. त्यांचे बूट चिखलानं भरलेले, आणि ते कुठे काढावेत हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी पोरांची डोकी मोजली, मोबाइलमध्ये काहीतरी भरलं आणि ॲश्लिनसमोर थांबले.

"ही रोज येते?"

"येते," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी सेवरीनाकडे पाहिलं. "आई ना तुम्ही? येते ना रोज?"

पावसाचं पाणी कौलांवरून घळघळ ओतत होतं. बाकीची नऊ पोरं माना वळवून बघत होती. सेवरीनाला वाटलं, आज एवढं म्हटलं तर उद्यापासून ते खरंच होईल.

"येते, सर," ती म्हणाली.

साहेबांनी फोटो काढला. ॲश्लिन मोबाइलकडे बघेना, म्हणून गुरुजींनी गाडीची चावी वाजवून दाखवली. तरी तिनं बघितलं नाही.

बाई काही आली नाही. गुरुजींनी खिचडी शिजवणाऱ्या रुक्मिणीला सांगितलं, वायच लक्ष ठेव. रुक्मिणी साठीला आलेली, गुडघ्यांनी अधू. पण पहिले पंधरा दिवस बरे गेले. सेवरीना सकाळी पोरीला पोचवून कारखान्यात जायची. संध्याकाळी रुक्मिणी सांगायची, "आज तांदूळ आणि डाळ मिसळली व्हती, तर तुझ्या चेडवान एकेक दाणो बाजूक केल्यान. गुरुजींनी बघितल्यानी." ते ऐकून सेवरीनानं घरी तीन-चार वाट्या मांडल्या. कुळीथ, चवळी, वाल एकत्र करून दिले. ॲश्लिननं ते इतक्या झटपट वेगळे केले की सेवरीना बघतच राहिली. तिनं लुईसला फोन करून सांगितलं. लुईस म्हणाला, "आमचा चेडू हुशार आसा गो."

जुलैच्या मध्याला कारखान्याचा बॉयलर बिघडला आणि बायकांना साडेअकरालाच सोडलं. सेवरीना छत्री घेऊन थेट शाळेवर गेली. वर्गात पाढे चालले होते. ॲश्लिन तिथे नव्हती. ती मागे स्वयंपाकाच्या पडवीत होती. धुरात. जुन्या ओढणीचं एक टोक तिच्या घोट्याला बांधलेलं होतं आणि दुसरं खिडकीच्या गजाला. गणवेश मागून ओला. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. गज आणि पाय यांच्यातली ओढणी दोन बोटांनी पिळत बसली होती.

रुक्मिणी चुलीपुढून उठली. उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"मारूक नाय हां मी तिका," ती म्हणाली. "तुझी शपथ घेतंय. हातसुदीक लावक नाय."

सेवरीना खाली बसली. गाठ पाण्यानं आवळली होती, नखांनी सुटेना.

"बेस्तरवारी थेट बावडीच्या काठार जावन हुबा ऱ्हवला," रुक्मिणी सांगत होती. "मी आड्डत धावलंय, पडलंय. थंय भात करपलो. पोरां उपाशी ऱ्हवली, माका गुरुजींनी दोन शब्द ऐकयल्यानी. मी भात बघू काय तिका बघू, तूच सांग माका."

सेवरीनानं दात लावून गाठ सोडली. घोट्याला लाल कडं पडलं होतं. ती उठली, पोरीला कडेवर घेतलं. नऊ वर्षांचं अंग, पाय सेवरीनाच्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होते. वर्गाच्या दारात गुरुजी आले. त्यांनी ओढणी पाहिली असावी. त्यांची मराठी पुन्हा शुद्ध झाली.

"मी वर अर्ज केलेला आहे. मदतनीस मंजूर होत नाही, त्याला मी काय करणार?"

"खंय केलास अर्ज?"

"तालुक्याला."

दुसऱ्या दिवशी काम बुडवून सेवरीना तालुक्याच्या ऑफिसात गेली. दोन एसट्या बदलल्या. पोरीचे कान ओढणीनं बांधून घेतले होते, तरी हॉर्न वाजला की ती मनगट चावायची आणि पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायचे. ऑफिसात शाळांचे अर्ज बघणाऱ्या मॅडम जागेवर नव्हत्या. शिपायानं बाकावर बसायला सांगितलं. अकराचे साडेबारा झाले. ॲश्लिननं आईच्या पोटाला कपाळ घासायला सुरुवात केली. म्हणजे तिला लागली होती. सेवरीनानं शिपायाला विचारलं. तो म्हणाला, स्टाफचा संडास आहे, चावी साहेबांकडे. बाहेर स्टँडवर जा. बाहेर पाऊस कोसळत होता. ती उठून पोरीला ओढेपर्यंत फरशीवर पाणी पसरलं. टेबलांवरच्या माना वर झाल्या, मग खाली गेल्या. सेवरीनानं गुडघ्यावर बसून आपल्या ओढणीनं फरशी पुसली. शिपाई जवळ येऊन उभा राहिला आणि "तिकडे पण गेलंय," असं बोट दाखवून म्हणाला.

मॅडम आल्या त्या भल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पोरीचं नाव विचारलं. सेवरीनानं ऑफिसात बोलायची मराठी घरापासून मनात जुळवून आणली होती. ती नीट बोलली. ओढणीचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि कपाटातून एक फाइल काढली.

"पण तुमच्या मुलीचं तर घरी शिक्षण चालू आहे. गेल्या वर्षात विशेष शिक्षिकेच्या चाळीस भेटी आहेत. ही सही तुमचीच ना?"

सेवरीनानं पाहिलं. एकाखाली एक चाळीस सह्या. सगळ्या तिच्या.

ती शिक्षिका म्हणजे सारिका मॅडम. स्कूटीवरून यायच्या, पाठीवर सॅक, पावसात रेनकोटच्या आत चित्रांची कार्डं जपून आणायच्या. पाणी, शू, घर, दुखतं. तीन महिन्यांत ॲश्लिन त्या चार चित्रांवर बोट ठेवायला शिकली होती. पण सारिका मॅडमकडे दोन तालुक्यांतली साठावर मुलं. आठवड्याच्या भेटी महिन्याच्या झाल्या, मग दोन महिन्यांच्या. गेल्या फेब्रुवारीत त्या आल्या तेव्हा अंगात ताप होता. चहा घेता घेता त्यांनी रजिस्टर पुढे केलं. "ताई, एवढ्या सह्या करून द्याल? मार्चला माझं कॉन्ट्रॅक्ट संपतं. भेटी कमी दिसल्या तर पुढचं मिळणार नाही." वर्षात त्या सात वेळा आल्या होत्या. सेवरीनानं एका बैठकीत तेहेतीस सह्या केल्या. पोरीला कार्डं दाखवणारं जगात एकच माणूस होतं.

"भेटी झाल्या नसतील तर तसं लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. "मी चौकशी लावते. त्या बाईंची नोकरी जाईल. तुम्हालाही विचारतील, मग सह्या कशा केल्या."

सेवरीनानं फाइल मॅडमकडे परत सरकवली.

"आणि हे बघा." मॅडमनी मोबाइल फिरवला. वर्गातला फोटो होता. मोठ्या गणवेशातली, भलतीकडे बघणारी ॲश्लिन. "पटपडताळणीत आईनं स्वतः सांगितलंय, मुलगी रोज शाळेत येते. आता एका कागदावर ती घरी शिकते, दुसऱ्यावर रोज शाळेत बसते. यातलं खरं काय धरायचं मी? आणि दोन्ही नीट चाललंय म्हटल्यावर मदतनीस कशासाठी मागायचा?"

त्या रागानं बोलत नव्हत्या. खरोखरच विचारत होत्या. सेवरीनाला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी तिचं नाव काढलं तर?" ती म्हणाली. "सड्यावरच्या मोठ्या शाळेत घातलं, तर तिथे बाई मिळेल?"

मॅडमनी फाइलची नाडी बांधली. "खोटं कशाला सांगू. आपल्या तालुक्यात एकही जागा भरलेली नाही."

सेवरीना घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती, की ती नाव काढणार. संध्याकाळी शाळा समितीचा अध्यक्ष सर्वेश आला, बरोबर दोन-तीन आया. सर्वेशची मुलगी अनुजा तिसरीत होती.

"नाव काढतंस म्हणतत?"

"इचारलंय फक्त."

"तुझ्या एकट्या चेडवापायी नऊ पोरांनी व्हाळ उतरान जावचा? ह्या पावसात? माझ्या अनुजाक दम लागता चलताना, तुका म्हायत आसा."

"तुमची नऊ पोरां शाळेत बसतत ती माझ्या चेडवाच्या नावार," सेवरीना म्हणाली. "आणि ता खंय बसता बघितलास कधी? घोट्याक बघा तिच्या."

कुणी घोट्याकडे पाहिलं नाही. पडवीतून पाणी वाहत होतं तिकडे सगळे बघत राहिले.

"मी नाव काढूचंय नाय," सेवरीना म्हणाली. "पण नऊ घरां आसत तुमची. एकेकीन एकेक दिवस येवन तिच्याकडे बसा. नऊ दिवसांतसून एक डाव पाळी येतली. कार्डां आसत, मी शिकयतंय कशी दाखवची ती. सोप्या आसा."

सर्वेशनं बायकांकडे पाहिलं. एक म्हणाली, "तसा करूक काय हरकत नाय." दुसरीनं मान हलवली. सेवरीनानं लगेच आतून सारिका मॅडमनी ठेवून गेलेली कार्डं आणली, चटईवर मांडली, ॲश्लिनला समोर बसवलं. पोरीनं पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं. बायका हसल्या, कौतुकानंच हसल्या. सेवरीनानं पोरीला तांब्या दिला. त्या संध्याकाळी तिनं खूप दिवसांनी मासळीचं सार केलं.

सोमवारी एक आली. मंगळवारी दुसरी. बुधवारी पाऊस धरून लागला, भाताचा तरवा काढायला झाला, आणि लावणी सुरू झाली. लावणीत घरची बाई घरात नसते. उजाडल्यापासून कंबरेत वाकून चिखलात. बुधवारी कुणी आलं नाही. गुरुवारी पाळीवाली बांधावरून ओरडून म्हणाली, "उद्या येतंय गो, आज माणसां सांगलेली आसत." सेवरीना शाळेच्या पायरीवर पोरीचा हात धरून उभी होती. कारखान्याची वेळ टळून गेली होती. तिला त्या बाईचा रागही येईना. तिची स्वतःची जमीन असती तर तीही आज चिखलातच असती.

शुक्रवारी आनंदीचा फोन आला. तीन खाडे झाले, मशीन दुसरीला दिलं. "सोलणीची बी घराक धाडतंय, ती कर. तेवढाच माझ्या हातात आसा," ती म्हणाली.

लुईस रविवारी आला. मीस करून आल्यावर जेवला, पोरीला मांडीवर घेऊन तिच्या घोट्यावरून अंगठा फिरवत राहिला. "मी काम सोडून येव काय?" त्यानं विचारलं.

"मगे खातलंव काय?"

"तर मगे सोड गो ता. भांडान कोणाक काय गावला?"

सेवरीना ताटं उचलून आत गेली.

मंगळवारी सारिका मॅडमचा फोन आला. आवाज दबलेला. "ताई, तुम्ही ऑफिसला गेला होतात?"

"होय. पण मी काय्येक सांगूक नाय."

मग सारिका मॅडम म्हणाल्या, "माझं कॉन्ट्रॅक्ट झालं पुढचं. पण भाग बदलला, ताई. वैभववाडीला दिलंय. उद्याच हजर व्हायचंय." जिल्ह्याचं ते दुसरं टोक. "बरां झाला," सेवरीना म्हणाली. "तुमची नोकरी ऱ्हवली."

ऑगस्ट लागला तशी उघडीप पडली. सेवरीनाचं घर शाळेच्या वरच्या अंगाला, मध्ये फक्त एक दगडी गडगा आणि फणस. एरवी ती शाळेच्या वेळेला कारखान्यात असायची, म्हणून तिला शाळेतलं काही ऐकू येतं हे ठाऊकच नव्हतं. आता ती दारात बसून वाळलेल्या काजूगरांची साल चाकूनं काढायची, आणि ॲश्लिन समोर बसून अख्खे एकीकडे, पाकळ्या एकीकडे, तुकडे एकीकडे लावायची. तिच्या हातून एकही चुकत नव्हता.

पहिल्या उघड्या सकाळी गुरुजींचा आवाज वर आला. हजेरी चालली होती. एकेक नाव, मागून एकेक पोराचा आवाज. नऊ झाली.

"ॲश्लिन लुईस लोबो."

"हजर!" कुणीतरी मुलगी ओरडली.

सेवरीनाचा चाकू थांबला. दुसऱ्या दिवशी तिनं कान देऊन ऐकलं. त्या दिवशी आवाज दुसऱ्याचा होता. तिसऱ्या दिवशी अनुजाचा. तिचा किनरा आवाज ओळखू येण्यासारखा होता. पोरांनी आपापसांत पाळी लावून घेतली होती. एकही दिवस खाडा पडत नव्हता.

चौथ्या दिवशी नाव पुकारलं गेलं तेव्हा ॲश्लिननं हातातला गर खाली ठेवला. आपलं नाव तिला कळत होतं. ती उठली, खळ्याच्या कडेला गेली आणि गडग्याला हात लावून शाळेच्या दिशेनं उभी राहिली. खालून "हजर!" आलं. मग पोरांची प्रार्थना सुरू झाली, ती संपली, पाढे सुरू झाले. ॲश्लिन तशीच उभी होती. कुणीतरी पुन्हा हाक मारील म्हणून.

सेवरीना बसल्या जागेवरून बघत होती. नऊचा पाढा संपला तेव्हा ती उठली. पोरीला हाताला धरून घरात आणलं, चटईवर बसवलं, तिच्यापुढे नवा ढीग ओतला. आणि शाळेकडचं दार लोटून आतून कडी घातली.